बीपीची अर्धी गोळी

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी साडेसहा ते आठ या वेळात जेवढी वैद्यकीय माहिती उघड्यावर वाटली जाते, तेवढी एखाद्या मेडिकल कॉलेजात वर्षभरात वाटली जात नसेल. मासुंदा तलावाला दोन चकरा मारून ज्येष्ठ नागरिक कठड्यावर टेकले की पहिला विषय हवा, दुसरा घोडबंदर रोडचं ट्रॅफिक आणि तिसरा थेट एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा आकडा. इथे साडेसहावाल्याला कोणी विचारत नाही. नऊच्या पुढे गेलेल्याला लोक सरकून जागा देतात. एक स्टेंट म्हणजे साधा सभासद, दोन स्टेंट म्हणजे कार्यकारिणी आणि बायपास झालेला गृहस्थ तहहयात अध्यक्ष. ‘अहो, एवढं ब्लॉकेज घेऊन तुम्ही चालत आलातच कसे?’ हे वाक्य आमच्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाला त्याच्या डॉक्टरांनी ऐकवलेलं आहे. डॉक्टर सगळ्यांचे वेगळे, वाक्य एकच.

कट्ट्यावर कोणी कोणाला नावाने ओळखत नाही. पीडब्ल्यूडीवाले, बँकवाले, टेलिफोनवाले अशी खात्यांची नावं निवृत्तीनंतरही चालू आहेत. खात्याने ओळख पटली नाही तर आजाराने पटते. ‘ते हो, गेल्या पावसाळ्यात प्रोस्टेट झालं ते’ म्हटलं की लगेच चेहरा डोळ्यांसमोर येतो. आजार लपवणं हा इथे उद्धटपणा समजला जातो.

हीच माणसं प्रवास विम्याचा फॉर्म समोर आला की एकदम ठणठणीत होतात.

मुलगा सनीव्हेलला, मुलगी एडिसनला, धाकटा टोरांटोच्या आसपास कुठेतरी. अशा घरांत वर्षा-दोन वर्षांनी हा फॉर्म येतोच. त्यात एक ओळ असते: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, कर्करोग यांपैकी काही आहे का? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. काल सकाळी ज्याने स्वतःच्या अँजिओग्राफीचं साग्रसंगीत वर्णन केलं, त्याचं पेन आज ‘नाही’च्या चौकटीकडे आपोआप वळतं. मी बँकवाल्यांना समोरासमोर विचारलं होतं.

‘अहो, तुम्हाला बीपी आहे ना?’

‘मला? छे.’

‘रोज गोळी घेता की.’

‘घेतो ना. म्हणून तर नाही. काल मोजलं, १२८-८२. याला काय बीपी म्हणतात?’

आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाचा हा युक्तिवाद. खोडायला गेलं तर खोडता येत नाही. वर पुस्ती: ‘आणि गोळीसुद्धा अर्धीच घेतो मी.’

या अर्ध्या गोळीवर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. पूर्ण गोळी घेणारा तो रोगी. अर्धी घेणारा हा आजाराचा नुसता हितचिंतक, सभासद नव्हे. तीच गोष्ट साखरेची. ‘डायबेटिस नाही हो, बॉर्डरवर आहे,’ असं म्हणणारी आमच्या कट्ट्यावरची निम्मी माणसं गेली दहा-पंधरा वर्षं बॉर्डरवर तैनात आहेत. आणि बायकांच्या मते थायरॉइड हा आजारच नव्हे, ते वय असतं. आमच्या घरी तो आहे, आणि ‘तो सगळ्यांनाच असतो’ या एका वाक्यावर त्याचा विषय संपतो.

विमा कंपनीचं म्हणणं एवढंच की गोळी चालू आहे म्हणजे आजार आहे. अर्धी असली तरी.

लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीला ठरलं तेव्हा आमच्याकडे डिंक, खारीक, अळीव आणि विमा यांची जमवाजमव एकदमच सुरू झाली. विमा एजंट म्हणजे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. काका-काकू म्हणतो, चहाला नाही म्हणत नाही. त्याचा पहिलाच प्रश्न होता, ‘काका, पॉलिसी व्हिसासाठी पाहिजे की आजारासाठी?’

‘या दोन वेगळ्या असतात?’ मी विचारलं. तो नुसता हसला आणि बिस्किट उचललं.

या धंद्याची सगळी मेख त्या प्रश्नात आहे. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण कागदावर दाखवावंच लागतं. २०१० पासून लागू झालेल्या त्यांच्या व्हिसा संहितेत तसं लिहिलेलंच आहे. रक्कम, तारखा आणि देश बरोबर असले की खिडकीपलीकडच्या माणसाचं समाधान होतं. तुमच्या गुडघ्यांत, हृदयात आणि स्वादुपिंडात काय चाललंय, याची तो चौकशी करत नाही. ज्येष्ठांच्या सहलीला जाणारे आपले लोक मग सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात, आणि तसं बघितलं तर त्यांचं निभावतंही. त्या सहलींत आजारी पडायला सवड नसते. सहाला उठवतात, आठला बस सुटते आणि अकराच्या आत एक किल्ला, एक चर्च आणि एक धबधबा संपलेला असतो.

अमेरिकेची गोष्ट उलटी. तिथल्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्तीच नाही. म्हणजे जगात जिथे उपचार सगळ्यात महाग, तिथे विमा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. पाहुणा म्हणून गेलेल्या म्हाताऱ्याला तिथली सरकारी मेडिकेअर मिळत नाही. मुलांच्या नोकरीतल्या विम्यात आई-वडील सहसा बसत नाहीत. नाही म्हणायला १९८६ चा एक कायदा आहे: इमर्जन्सीत आलेल्या माणसाला त्याच्याकडे पैसे आहेत का हे न बघता तपासावं आणि त्याची प्रकृती स्थिर करावी. तेवढं इस्पितळं करतात. बिल न पाठवण्याबद्दल त्या कायद्यात काही नाही, आणि बिल पाठवायला ती विसरत नाहीत.

एजंटने आधी इथल्या एका कंपनीचं माहितीपत्रक काढलं. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनारी धावत होतं. त्यांच्याकडे बघून त्यांना विम्याची गरज असेल असं वाटत नव्हतं. आत मात्र दानशूरपणाला सीमा नव्हती. बॅग उशिरा आली, पैसे. बॅग हरवली, पैसे. पासपोर्ट हरवला, पैसे. पुढचं विमान चुकलं, पैसे. आपल्या हातून परक्या माणसाचं नुकसान झालं, त्याचेही पैसे. आणि विमानाचं अपहरण झालं तर चक्क दिवसाकाठी भत्ता! जरा जास्त रक्कम भरलीत तर साहसी खेळांचीही सोय होती. मी हिशेब मांडला. अपहरणकर्त्यांच्या तावडीत सापडलो तर माझी व्यवस्था होती. पॅराशूटला लटकताना पडलो, तरी काही करता येण्यासारखं होतं. जावयाच्या घराचा जिना चढताना छातीत कळ आली, तर मात्र शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत काय आहे ते पाहावं लागणार होतं.

ते पान हिने वाचायला घेतलं. आमच्याकडे बारीक अक्षरं तीच वाचते, माझा मोतीबिंदू पिकायचा आहे. (हाही आधीपासूनचा आजार. लिहून घेतला.) पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार आणि त्यातून उद्भवलेलं काहीही यात नाही, असं तिथे होतं. जिवावरच बेतलं तर एका मर्यादेपर्यंत, तेही प्रकृती स्थिर होईपर्यंतच. त्याच्या खाली तिला ‘पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च’ हे कलम सापडलं.

‘हे मात्र देतात वाटतं,’ ती म्हणाली. ‘म्हणजे जाईपर्यंत आपलं आपण, गेल्यावर त्यांचं.’

‘त्यालाही अटी आहेत, काकू,’ एजंट चहाच्या कपात बघत म्हणाला.

मला या कंपन्यांचा राग येत नाही असं नाही, पण त्यांची बाजूही समजते. भारतातल्या आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठी प्रतीक्षा करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार ती जास्तीत जास्त ३६ महिने. तेवढे हप्ते भरून थांबलात की तुमचा मधुमेह पॉलिसीचा रहिवासी होतो. प्रवासाची पॉलिसी सहा महिन्यांची. तिच्यात ३६ महिने थांबायचं कुठे, नेवार्कच्या विमानतळावर? त्यामुळे इथे थांबणं नाही, थेट नकार आहे. आणि गंमत म्हणजे खुद्द अमेरिकन माणसाला जुन्या आजाराच्या कारणावरून आरोग्य विमा नाकारायला २०१४ पासून बंदी आहे. ओबामांच्या काळातल्या कायद्याने त्यांची ती कटकट मिटवली. पाहुण्यांसाठी ज्या पॉलिसी विकल्या जातात, त्यांना तो कायदा लागू नाही. पाहुणा तो पाहुणाच.

म्हणून मग लेकीने तिथूनच तिकडची पॉलिसी शोधायला घेतली. त्यात एक कलम आहे, ज्याने तलावपाळीवर आठवडाभर दुसऱ्या विषयाला तोंड वर काढू दिलं नाही. इंग्रजीत त्याला ‘ॲक्यूट ऑनसेट’ म्हणतात. अर्थ असा की जुना आजार आम्ही पूर्ण झटकून टाकत नाही, तो अचानक उसळला तर पैसे देऊ. पण उसळी अगदी नियमात बसणारी हवी. ती अनपेक्षित हवी. कुठलीही पूर्वसूचना नसावी. झपाट्याने वाढणारी असावी. आणि सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. हळूहळू बिघडत गेलेली तब्येत चालत नाही.

हे कलम ज्याने लिहिलं त्याने मराठी म्हातारा पाहिलेला नाही.

आपल्याकडे कोणी अचानक आजारी पडतच नाही. आपल्या प्रत्येक दुखण्याला प्रस्तावना असते. डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारलं की आपण ‘छातीत दुखतंय’ असं दोन शब्दांत सांगून मोकळे होतो का? ‘तसं म्हटलं तर डॉक्टर, गणपतीपासूनच जरा कसंतरी होत होतं. मध्ये भाच्याच्या मुंजीला गेलो, तिथे श्रीखंड झालं...’ अशी सुरुवात होते. आता हीच कहाणी न्यू जर्सीच्या इमर्जन्सीत सांगायची. नर्स विचारणार, हे कधी सुरू झालं? आपण गणपती सांगणार. लेक बिचारी प्रामाणिकपणे भाषांतर करणार. डॉक्टर ते जसंच्या तसं संगणकात टंकणार, आणि दाव्याबरोबर तो कागद कंपनीकडे जाणार. पूर्वसूचना गणपतीत मिळाली होती, उपचार दिवाळीनंतर. बसा मग.

२४ तासांची तर और तऱ्हा. हिने ते वाचल्यावर विचारलं, ‘म्हणजे छातीत दुखायला लागलं की आधी घड्याळ बघायचं?’ पण घड्याळ बघूनही उपयोग नाही. कारण पहिले बारा तास ते दुखणं गॅसेसच्या नावावर जमा असतं. ओवा होतो, सोडा होतो, हिंगाचं पाणी होतं, कोणीतरी पाठीवर बुक्की मारून देतं. पुढचे बारा तास लेकीला कळू नये म्हणून जातात. तिचं उद्या ऑफिसात काहीतरी महत्त्वाचं आहे, जावई आत्ताच दमून आलेत, नात आत्ताच झोपली आहे. सकाळी बघू. सकाळ होते, आणि शनिवार निघतो. या सगळ्यात पैसे बुडतात ते एक वेळ सोडा. छातीतली कळ पोटाची की हृदयाची हे ओवा ठरवू शकत नाही, आणि हृदयविकाराच्या झटक्यात वाया गेलेला प्रत्येक तास स्नायूच्या हिशेबात धरला जातो. विमा कंपनीने २४ तास स्वतःचे पैसे वाचवायला लिहिले असतील, पण त्या अटीची भीती दाखवून चार म्हातारे वेळेवर इस्पितळात पोहोचले तर मी त्या कंपनीला दुवा देईन.

कॅनडाची तऱ्हा आणखी वेगळी, ती टेलिफोनवाल्यांना भोवली. तिकडे स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांसाठी २०११ च्या अखेरीपासून ‘सुपर व्हिसा’ नावाची सोय आहे. त्याला किमान एक वर्षाचा आणि किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतोच, तिथे मर्जीचा प्रश्न नाही. तिथल्या अनेक पॉलिसी जुना आजार मान्यही करतात. अट एकच, तो स्थिर पाहिजे. स्थिर म्हणजे ९० किंवा १८० दिवस, जी काही मुदत लिहिली असेल त्या काळात नवी लक्षणं नाहीत, नवी तपासणी सुचवलेली नाही आणि औषधात बदल नाही.

टेलिफोनवाल्यांनी जायच्या तयारीत मीठ सोडलं, चालणं वाढवलं, सहा किलो वजन उतरवलं. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी बीपीची गोळी ४० ची २० केली. कट्ट्यावर पेढे वाटले गेले. ज्यांना चालत नव्हते त्यांनी अर्धे खाल्ले. मग फॉर्म भरताना कळलं की औषध वाढलं तरी बदल आणि कमी झालं तरी बदलच. महिन्यापूर्वीपर्यंत त्यांचा रक्तदाब जास्त होता, पण स्थिर होता. आता तो उत्तम होता, पण अस्थिर. तब्येत सुधारली म्हणून विम्याच्या दृष्टीने बिघडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ‘मग काय, पुन्हा ४० ची सुरू करू?’ असं त्यांनी खरंच विचारलं. पीडब्ल्यूडीवाले म्हणाले, ‘तोही बदलच की हो.’

आजारांचं तरी काही सांगता येतं, वयाचं काहीच चालत नाही. सत्तरी ओलांडली की हप्ता चढतो आणि संरक्षण उतरतं. अमेरिकेतल्या बऱ्याच योजनांत ती अचानक उसळीची सोय सत्तरीला आक्रसते आणि ऐंशीला बंद पडते. ऐंशीच्या पुढे एकूण रक्कमही दहा-वीस हजार डॉलरच्या आसपास रेंगाळते. आता आमच्या पिढीचं वय म्हणजे काय? ज्या दिवशी वडिलांनी शाळेत नेऊन बसवलं, त्या दिवशी गुरुजींना जे वाटलं ते. कट्ट्यावर १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की त्या दिवशी वाढदिवसाचा एकच केक आणून भागतं. बँकवाल्यांची १ जून गुरुजींची, आणि त्यांच्या थोरल्या भावाची तारीख ग्रामपंचायतीतली, खरी. कागदोपत्री दोघांत पाच महिन्यांचं अंतर आहे. आई असेपर्यंत हा घरातला विनोद होता. आता हप्त्याच्या तक्त्यात ते सत्तरीच्या वरच्या रकान्यात गेले, तेव्हा गुरुजींबद्दल त्यांच्या तोंडून जे शब्द गेले, ते त्या काळी वर्गात उच्चारले असते तर छडी खाल्ली असती.

लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिने स्क्रीनवर दोन योजना मांडल्या. एक स्वस्त: प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम, इस्पितळाच्या दिवसाला इतके, डॉक्टरांच्या भेटीला इतके. बिल त्याच्या कितीही पट येवो, कंपनी ठरलेलं देऊन बाजूला होणार. दुसरी महाग: सुरुवातीची काही रक्कम आपण भरायची, नंतर साधारण पहिल्या ५,००० डॉलरपर्यंत ऐंशी टक्के त्यांचे आणि वीस आपले, आणि त्यापुढे मर्यादेपर्यंत सगळे त्यांचे. ‘बाबा, पैशांचं बघू नका,’ ती म्हणाली. हे वाक्य डॉलरमध्ये कमावणाऱ्याने रुपयांत पेन्शन घेणाऱ्याला म्हणायचं नसतं. आम्ही दोघांनी मनातल्या मनात गुणाकार केला. ही म्हणाली, ‘एवढ्यात माझा एक गुडघा इथे बदलून होईल गं!’

‘आई, गुडघा त्यात नाहीये.’

‘मग कशाला घेतेस?’

पुढचा अर्धा तास ‘आम्ही काही तिकडे येऊन आजारी पडणार नाही’ या विषयावर गेला. हे आश्वासन आपण मुलांना इतक्या ठामपणे देतो, जणू काही आजार आधी आपली परवानगी मागतो. स्वस्त पॉलिसी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत त्या अर्ध्या तासात झालं. ठरावीक रकमेच्या पॉलिसीवर अमेरिकेच्या इस्पितळात झोपणं म्हणजे दहा रुपये खिशात घालून सोन्याच्या पेढीवर जाऊन बसणं. शेवटी महाग घेतली. ती न वापरता परत आलो तर काय वाटेल याचीही मला कल्पना आहे, कारण पीडब्ल्यूडीवाले परत आले तेव्हा पहिली तक्रार तीच होती: ‘दीड लाख भरले आणि साधी सर्दीसुद्धा झाली नाही!’

राहता राहिला तो फॉर्म आणि त्यातल्या दोन चौकटी. ‘होय’ लिहिलं तर हप्ता वाढेल, तपासण्या सांगतील, कदाचित नाकारतील. ‘नाही’ लिहिलं तर पॉलिसी झटकन हातात. कट्ट्यावरचं बहुमत ‘नाही’कडे होतं. ‘त्यांना कळणार कसं?’ हा मुख्य मुद्दा. कळतं. दावा मोठा असला की कंपनी तुमच्या इथल्या डॉक्टरांचे जुने कागद मागते. आमचे फॅमिली डॉक्टर केसपेपरवर जे लिहितात ते खालचा केमिस्ट सोडून कोणालाही वाचता येत नाही, ही त्यातल्या त्यात आमची तटबंदी. पण शरीरातला स्टेंट एक्स-रेत दिसतो, छातीवरचा बायपासचा व्रण उघड्या डोळ्यांनी दिसतो, आणि उशाशी ठेवलेल्या डब्यात सोमवार ते रविवार सात कप्पे गोळ्यांनी भरलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयात याचं एक प्रकरण गेलं होतं, ते मी कट्ट्यावर मुद्दाम सांगितलं. २००९ मध्ये एक गृहस्थ परदेश प्रवासाचा विमा काढून नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरतात तोच घाम फुटला, थकवा आला. इस्पितळात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, तीन स्टेंट बसले. मायदेशातल्या विमा कंपनीने हात वर केले: तुम्हाला मधुमेह होता, कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती, आधीचा आजार, पैसे नाहीत. प्रकरण ग्राहक आयोगातून वर गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल त्या गृहस्थांच्या बाजूने दिला. कारण असं की विमा घेतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदांत मधुमेहाची नोंद होती. तुम्हाला आजार माहीत होता, माहीत असून तुम्ही पॉलिसी दिलीत, आता त्याच आजाराचं बोट धरून मागे कसे सरकता, असा त्या निकालाचा रोख होता. त्यांना कशाने तारलं? अचानक उसळीने नव्हे, वशिल्याने नव्हे. मधुमेह कागदावर होता म्हणून.

बँकवाले सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, ‘पण बारा वर्षं लागली की.’ लागली, हे खरं आहे. ‘नाही’ लिहिलं असतं तर बारा वर्षं लागलीही नसती, पहिल्याच पत्रात काम संपलं असतं.

म्हणून आम्ही फॉर्म भरायला बसलो तेव्हा तलावपाळीवर सांगतो तसं सगळं सांगून टाकलं. बीपी, साखर, मोतीबिंदू, हिचा थायरॉइड, गुडघे, बावीस वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन. माझं काही राहिलं की ही आठवण करून देत होती, तिचं राहिलं की मी. एकमेकांचे आजार आपल्याला स्वतःच्या आजारांपेक्षा जास्त पाठ असतात. इथल्या कंपनीचाही एक फॉर्म तुलनेसाठी हाताशी ठेवला होता, तो एजंट लिहून घेत होता. एवढं सगळं ऐकून त्याने दुसरा चहा मागितला.

‘काका, गोळी कितीची?’

‘चाळीसची. पण अर्धीच घेतो.’

‘अर्धीसाठी रकाना नाहीये काका.’

शेवटी चाळीसचीच लिहिली. त्या दिवसापासून मी पूर्ण रोगी आहे आणि त्याचं फारसं काही वाटत नाही.

ज्यांचा व्हिसा झालाय आणि बॅगेत भाजणीचं पीठ जाऊन बसलंय, त्यांना चार गोष्टी सांगतो. पॉलिसीच्या तारखांत विमानातला दिवसही धरा. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं कंपनीचं नाव असतं, त्याशेजारी मूळ रसायनाचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिकडचा फार्मासिस्ट आपले ब्रँड ओळखत नाही, आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च पॉलिसी देत नाही. मदतीचा फोन नंबर तुमच्या पाकिटात नको, लेकीच्या आणि जावयाच्या मोबाइलमध्ये हवा, कारण इस्पितळात दाखल झाल्याचं बहुतेक कंपन्यांना लवकरात लवकर कळवावं लागतं आणि त्या वेळी फोन तुम्ही करणार नसता. आणि हे सगळं निघण्याच्या आदल्या रात्रीवर टाकू नका. वय जास्त असलं आणि आजार लिहिले की कंपनी ईसीजी आणि साखरेचे रिपोर्ट मागते, त्यात आठवडा सहज जातो, आणि आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांची पॉलिसी विमान सुटल्यानंतर काढता येत नाही.